खिळ्यावरची वायर

डिचोलीतल्या माझ्या गॅरेजात गाडी आणलीत तर परत नेताना तुम्हाला एक काम करावं लागेल. ते केल्याशिवाय मी किल्ली देत नाही. काम संपलं की मी तुमच्या हातात वीतभर लांबीची एक लाल वायर देतो. तिच्या दोन्ही टोकांना पितळी पिना आहेत. ती वायर तुम्ही स्वतःच्या हाताने भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायची, आणि मग घरी जायचं. खिळा गणपतीच्या फोटोखाली आहे, त्यामुळे बऱ्याच लोकांना हा काहीतरी नवस वाटतो. एक बाई तर वायरीला हात लावून पाया पडून गेली. नव्या गाड्यांना ही वायर लागतही नाही, पण नियम सगळ्यांना सारखा. एक तरुण गिऱ्हाईक तोंडावर म्हणाला, "मेस्ता, तू पिसो झालास!" वेडा झालो असेन. पण वायर त्यालाही अडकवावी लागली.

आमच्या वाचनालयाच्या मंडळींनी दिवाळी अंकासाठी लिही म्हणून पिच्छा पुरवला. म्हणे, चाळीस वर्षांचे अनुभव लिही. अहो, चाळीस वर्षं काय लिहायची? ग्रीस, घाम आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या. मी मूळचा पेडण्याचा, लग्नानंतर डिचोलीत आलो आणि इथलाच झालो, इतकं पुरे. मी या वायरीबद्दल लिहितो. तीन वर्षं ती गोष्ट घशात अडकून आहे. डिचोलीत अर्ध्या लोकांना ती चुकीची माहीत आहे, म्हणून बरोबर काय ते एकदा कागदावर येऊ दे.

आधी थोडा धंदा समजून घ्या. घाबरू नका, सोपं आहे. पेट्रोलच्या इंजिनात पिस्टन वर येतो, पेट्रोल आणि हवा दाबली जाते, प्लग ठिणगी टाकतो, ते मिश्रण पेटतं आणि पिस्टनला खाली ढकलतं. पण पेटायलाही वेळ लागतो. म्हणून पिस्टन टोकाला पोचायच्या जरा आधीच ठिणगी टाकायची असते. किती आधी, याला आम्ही टायमिंग म्हणतो. माझी आई आणि मावशी जमिनीत पुरलेल्या दगडी वायनात दोन मुसळांनी भात सडायच्या. एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली. एकीने घाई केली की मुसळावर मुसळ आपटायचं. एकीने उशीर केला की नुसतीच मेहनत, भात तसाच. इंजिनाचंही तसंच. ठिणगी लवकर पडली तर आतून ठोके ऐकू येतात. उशिरा पडली तर ताकद मिळत नाही, आणि मिश्रण अजून पेटतं असतानाच बाहेर जायचा दरवाजा उघडतो. ती आग धुराच्या नळीत जाते. हे शेवटचं वाक्य ध्यानात ठेवा.

इंजिन जोरात फिरत असेल तर ठिणगी आणखी लवकर हवी, सावकाश फिरत असेल तर थोडी उशिरा. पूर्वी हे काम वजनं आणि स्प्रिंगा करायच्या, आणि आम्ही मेस्त लोक डिस्ट्रिब्यूटर नावाचा डबा हाताने अर्धं बोट इकडे, अर्धं बोट तिकडे फिरवून कानाने टायमिंग लावायचो. माझ्या कानाची ख्याती म्हापशापर्यंत होती, उगाच कशाला लाजू? मग गाड्यांत कॉम्प्युटर आला. इंजिन किती तापलंय, किती हवा आत येतेय, किती वेगाने फिरतंय हे बघून ठिणगी कधी टाकायची ते तो क्षणाक्षणाला ठरवतो. पण सुरुवातीच्या बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटरही होता आणि डिस्ट्रिब्यूटरही. तिथेच आमची फजिती झाली.

माझ्याकडे तसली पहिली गाडी आली ती पेडण्याच्या एका निवृत्त हेडमास्तरांची. मी सवयीप्रमाणे टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा, लावला, इंजिनाच्या पुलीवरची टायमिंगची खूण बघितली आणि डिस्ट्रिब्यूटर फिरवला. खूण जागेवर आली, आणि बघता बघता पुन्हा सरकली. पुन्हा फिरवलं, पुन्हा सरकली. दोन दिवस हा खेळ चालला. सर स्टुलावर बसून शांतपणे बघत होते. शेवटी म्हणाले, "उत्तम, तू भांडतोयस कोणाशी?"

खरंच भांडत होतो. मी एकीकडे ओढत होतो आणि कॉम्प्युटर दुसरीकडे. म्हापशात बेळगावकडचा बसवराज नावाचा ऑटो इलेक्ट्रिशियन होता. त्याला विचारलं तर तो पोट धरून हसला. म्हणाला, "मेस्त्री, आधी त्याला गप्प बसवायला पाहिजे की हो!" त्याने मला ती लाल वायर करून दिली. ड्रायव्हरच्या सीटखाली एक छोटं सॉकेट असतं. त्याच्या दोन भोकांत ही वायर घातली की कॉम्प्युटर गप्प बसतो आणि ठिणगी एकाच ठरलेल्या जागी टाकतो. तेवढ्यात तुम्ही डिस्ट्रिब्यूटर बरोबर जागी घट्ट करायचा. मग वायर काढायची. कॉम्प्युटर पुन्हा आपलं डोकं चालवायला लागतो. तुम्ही डिस्ट्रिब्यूटर कुठे घट्ट केलात हे त्याला दिसत नाही. तुमच्या हातावर भरवसा ठेवून तो तिथून पुढे मोजतो.

"काढायला विसरू नका हां," बसवराज म्हणाला होता. मला राग आला होता. मी काय नवशिका होतो?

आता मुद्द्यावर येतो. डिचोलीपासून अर्ध्या तासावर, डोंगराच्या उतारावर शंकरबाब आणि आनंदी वयनी यांची काजूची बाग आहे. शंकरबाब आधी खाणीवर ट्रक चालवायचे. खाणी बंद पडल्यावर दोघांनी सगळं लक्ष बागेत घातलं. त्यातली बरीच झाडं वयनींनी लग्न करून आल्यावर स्वतः लावलेली, उन्हाळ्यात कळशीने पाणी घालून जगवलेली. मोसमात बोंडू म्हणजे काजूची फळं गोळा करायची, बिया वेगळ्या करायच्या, कोळमीवर म्हणजे खडकातल्या खळग्यात बोंडू तुडवून रस काढायचा, तो ड्रममध्ये भरून खाली फेणीच्या भट्टीवर न्यायचा. दोन-अडीच महिन्यांच्या या कामावर त्यांचं वर्ष चालायचं. आणि सगळी ने-आण एका जुन्या व्हॅनमधून. पुढच्या सीटखाली इंजिन असलेली ती व्हॅन. तिच्यातही कॉम्प्युटर आणि डिस्ट्रिब्यूटर दोन्ही.

एप्रिलचा महिना होता. शंकरबाब सकाळीच व्हॅन घेऊन आले. म्हणाले, "मेस्ता, तेलाचो वास येता. आणि चढणीर ठोके मारता."

डिस्ट्रिब्यूटरचा ऑइल सील गेला होता आणि त्याचा बोल्टही सैल झाला होता. सीट उचलली, डिस्ट्रिब्यूटर काढला, सील बदलला, परत बसवला, वायर घातली, टायमिंग लावलं. खूण जागेवर आली ती हललीच नाही. इंजिन इतकं गोड चालत होतं की मीच खूश झालो. बोल्ट आवळला. सीट खाली टाकली. आणि वायर सीटखालीच राहिली.

कशी राहिली? ऐका, हे सांगायला लाज वाटते. एक वाजायला आला होता. गोव्यात एक वाजता शटर खाली येतं, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. जेवण, मग तासभर झोप, साडेतीनला पुन्हा शटर वर. ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची शिस्त आहे, आणि बायकोने त्या दिवशी बांगड्यांचं हुमण केलं होतं. शंकरबाब म्हणाले, "एक ट्रायल घेवया मरे? चढणीर बघूया."

मी म्हणालो, "कित्याक, शंकरबाब? आवाज आयका! माझो कान कधी चुकलोय?"

जागेवर उभी असताना कान चुकला नव्हताच. गाडी उभी असताना ठिणगी जिथे हवी तिथेच पडत होती. ती चालायला लागली की पुढे सरकायला हवी होती, आणि मी तिला बांधून ठेवली होती. ट्रायल घेतली असती तर पहिल्या चढावरच कळलं असतं. डॅशबोर्डवरचा दिवाही लुकलुकला असता, पण त्या व्हॅनचा तो दिवा कधीच मेलेला. शंकरबाब गाडी घेऊन गेले; आधी भट्टीवर जाऊन मग बागेत चढणार होते. मी जेवलो आणि झोपलो.

साडेतीनला शटर उघडलं. तसलीच दुसरी गाडी कामाला होती. वायर घ्यायला हात वर केला, तर खिळा रिकामा.

पहिल्यांदा वाटलं, खाली पडली असेल. बाकाखाली बघितलं, टूलबॉक्स उपसला. मग सीट खाली टाकतानाचा तो आवाज आठवला.

मी मघाशी सांगितलेलं आठवा. ठिणगी उशिरा पडली की आग नळीत जाते. सपाट रस्त्यावर गाडी नुसती मरतुकडी चालली असती. पण डोंगराची वाट, पहिला गिअर, एप्रिलचं ऊन. तशी गाडी चढली तर खालची धुराची नळी आणि तिच्यातला धूर साफ करणारा डबा लालभडक होतो. आणि शंकरबाब गाडी कुठे लावतात ते मला माहीत होतं. काजूच्या झाडाखाली, सावलीला. खाली घोटाभर सुकी पानं.

फोन लावला. शंकरबाब संपर्क क्षेत्राच्या बाहेर. वयनी संपर्क क्षेत्राच्या बाहेर. बागेत रेंज नसते. शेजारच्या पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, ओरडून सांगितलं, अग्निशामकला फोन कर, शंकरबाबच्या बागेत पाठव. तो म्हणाला, "आग लागल्या?" मी म्हणालो, "ठावक ना! तू फोन कर!" आणि स्कूटर काढली.

ती अर्ध्या तासाची वाट मी किती वेळात कापली ते मला सांगता येणार नाही. मनात एकच. गाडी बंद पडलेली असू दे. इंजिन उकळून वाटेतच थांबलेली असू दे, रेडिएटर फुटलेला असू दे, काय वाटेल ते होऊ दे, आई सातेरी, पण ती वर पोचलेली नसू दे. वळणावळणावर व्हॅन दिसतेय का बघत होतो. दिसली नाही. तांबड्या मातीची कच्ची वाट लागली, तिथेही टायरांच्या ताज्या खुणा वर गेलेल्या. आणि मग वास आला. सुक्या पानांचा, आणि त्यात मिसळलेला काजूच्या बियांच्या जळत्या तेलाचा. तो वास घशाला चरचरतो. एकदा नाकात गेला की विसरता येत नाही.

व्हॅन नेहमीच्याच जागी होती. तिच्या पोटाखाली गुडघाभर ज्वाळा होत्या. शेजारी बियांची दोन पोती ठेवली होती, ती पेटली होती आणि आतल्या बिया फुटून उडत होत्या. आग उतारावर वर सरकत होती. आणि वर, तीसेक पावलांवर, झाडाला टेकून तोंडावर टॉवेल टाकून शंकरबाब झोपले होते. भट्टीवर वेळ मोडून नुकतेच वर आले होते, आणि आता दुपारची झोप. मी जी झोपून उठलो होतो तीच.

मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की माझाच आवाज मला ओळखू आला नाही. ते उठले, बघितलं, आणि तसेच खाली धावले. खालून वयनी धावत येत होत्या, हातात बोंडवांची पाटी तशीच.

"गाडी!" मी म्हणालो. टाकीत पेट्रोल होतं. ती फुटली असती तर सगळा डोंगर गेला असता, आणि आम्ही तिघंही. व्हॅनचा दरवाजा उघडला तर हँडल चटका देणारं. आत प्लास्टिक जळल्याचा वास. इंजिन सुरू करायची छाती झाली नाही. गिअर काढला, हँडब्रेक सोडला आणि पाय बाहेर ठेवूनच जोर लावला. व्हॅन हलेना. शंकरबाब समोरून ढकलायला लागले, पायाखाली आग असताना, अनवाणी. एक हिसका बसला आणि ती उलटी खाली निघाली. मी स्टीअरिंगला लोंबकळत तिला उघड्या कातळावर आणली आणि ब्रेक दाबला. कातळावर जळायला काही नसतं. तिथे ती धुमसत राहिली, पण पेटली नाही.

मागे वळलो तर एक झाड पेटलं होतं. मग दुसरं.

आम्ही हिरव्या डहाळ्या तोडून आग झोडपत होतो. पाणी डोंगराच्या पायथ्याला. वर कोळमीपाशी तीन निळे ड्रम होते, दोन दिवसांच्या मेहनतीचा रस. वयनी तिकडे धावल्या आणि ओरडल्या, "रस ओता! ड्रम हाडा!"

शंकरबाब म्हणाले, "अगो, दोन दिसांचो रस तो!"

"झाडां ऱ्हवली तर रस परत गावतलो! ओत रे!"

आम्ही तो रस ओतला. पाटीने, बालदीने, हाताने. काजूचा गोड रस आगीवर पडला की कसा चर्र वाजतो ते मी ऐकलेलं आहे. पहिला ड्रम संपला, दुसरा संपला. तिसऱ्याच्या तळाशी बालदी लागली तेव्हा आग वरच्या बांधापाशी थांबली. खालून बंबाचा आवाज आला तेव्हा नुसता धूर उरला होता. सात झाडं गेली. सातही वयनींनी लावलेली. बाकीची बाग वाचली.

मी व्हॅनपाशी गेलो. पेट्रोलचा पाइप बघतो म्हणून सीट उचलली. वायर तिथेच होती. उपटली. तिचं प्लास्टिक मऊ पडलं होतं. मुठीत धरली आणि खिशात घातली.

तेवढ्यात मागे वयनींचा आवाज चढला. शंकरबाब झोपले होते तिथे विडीचं थोटूक सापडलं होतं.

"तुझी ती विडी! किती फावट सांगलंय तुका, सुक्या पानांत विडी ओढू नको! किती फावट!"

शंकरबाबांच्या पायांचे तळवे भाजले होते. ते खाली बसले आणि म्हणाले, "माझीच चूक. मी विझवलंय असां माका वाटला होता."

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ सांगतो, उघडलं होतं. तेवढ्यात खालून गावची माणसं वर आली, आणि पहिल्यानेच माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "मेस्त नसतो तर आज काय उरला नसता." माझं तोंड मिटलं. ते मिटलं ते मिटलंच.

पुढचं सांगायला आणखी वाईट आहे. गावाने देवळात माझा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ. नको म्हटलं तर लोक म्हणाले, केवढा नम्र माणूस! आणि शाल कोणाच्या हस्ते? शंकरबाबांच्या. पायांना पट्ट्या बांधलेले शंकरबाब लंगडत आले, माझ्या खांद्यावर शाल घातली, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माझ्या पापातून ह्यान माका वाचवला." बायकांच्या रांगेत आनंदी वयनी उभ्या होत्या. त्या शालीकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. मी नजर खाली केली. ती शाल मी घरी आणली आणि कपाटाच्या तळाशी टाकली. बायकोने विचारलं, तिलाही काही सांगितलं नाही.

एकदा शंकरबाब बाजारात भेटले तेव्हा सांगताना म्हणाले, "त्या दिवशी वर चढताना गाडी ओढीत नव्हती मरे. पण म्हटलां, मेस्तान आत्ताच केल्या, सवयीन ओढतली." माझ्यावरच्या भरवशापायी त्यांनी गाडी थांबवली नव्हती. तरीही मी गप्प. मी रागीट माणूस आहे, गिऱ्हाइकाची चूक असली तर त्याला चार माणसांत सुनावतो. स्वतःची वेळ आली तेव्हा माझी वाचा बसली. भेकड होतो, दुसरा शब्द नाही.

पुढच्या मोसमाच्या सुरुवातीला व्हॅन परत आली. आनंदी वयनी स्वतः चालवत घेऊन आल्या, शंकरबाब शेजारी. ते आत आले नाहीत, दारापाशी बाकावर बसून लवंग चघळत राहिले. विडी त्यांनी त्या दिवसापासून सोडली होती. वयनी मात्र आत आल्या आणि मी टायमिंग लावेपर्यंत माझ्या डोक्यावर उभ्या राहिल्या. खूण जागेवर आणली. बोल्ट आवळला. सीट खाली टाकायला हात लावला.

"वायर काढलंस?" वयनींनी विचारलं.

मी हात मागे घेतला.

"तांबडी," त्या म्हणाल्या. "त्या दिसा सीट उचलून काढलंस आणि खिशात घातलंस, ती."

"वयनी, तुमी बघितलंत?"

"बघलंय. पाइप बघणारो माणूस वायर खिशात घालणा नाय. वरीसभर वाट बघलंय मी. आज सांगशीत, उद्या सांगशीत. शाल घेताना तरी सांगशीत."

"तुमी बोललात नाय कित्याक?"

"बोलूचा तुझा होता, माझा नाय." त्यांचा आवाज खाली आला. "पयलो वाटला, बरां झाला, विडी तरी सुटली. तां माझा पाप. पण आता तो बागेत पाय ठेवणा नाय. डोंगरार चढणा नाय. म्हणता, माझ्या हातान झाडां मेली, ती माका बघतत. मोसम सुरू झालो आणि मी एकटी. आता जा. त्याका सांग."

बाकापर्यंत दहा पावलं. त्या आगीत दरवाजा उघडताना मी इतका घाबरलो नव्हतो. मी वायर काढली, शंकरबाबांच्या समोर उकिडवा बसलो, ती तळहातावर ठेवली आणि सगळं सांगितलं. जेवणाची घाई, न घेतलेली ट्रायल, सीट, नळी. काही लपवलं नाही.

त्यांनी वायर उचलून तिच्या दोन्ही पिना बघितल्या. मग म्हणाले, "म्हणजे विडी न्हय?"

"न्हय."

"बरोबर सांग. विडी न्हय?"

"आग गाडीखाली लागली, शंकरबाब. तुमी तीस पावलां वर होतात. आणि आग वर चढत होती. विडीन लागली असती तर गाडीकडे खाली कशी इली असती?"

त्यांनी लवंग थुंकली. मला वाटलं, आता कानफटात बसणार, आणि बसली तर बरं, असंही वाटलं. पण ते उठले, व्हॅनपाशी गेले आणि म्हणाले, "खंय घालतत ती? दाखव." मी सॉकेट दाखवलं. त्यांनी स्वतः वायर घातली. इंजिन सुरू करायला लावलं. मग स्वतः वायर काढली, ताणून बघितली, भिंतीपाशी गेले आणि खिळ्याला अडकवली. "आता माका दिसली," ते म्हणाले आणि वयनींना हाक मारली, "चल गो, बागेत जावया." त्या दिवसापासून माझ्या गॅरेजात वायर गिऱ्हाइकाने अडकवायची.

त्याच पावसाळ्यात निरोप आला, फावडं आणि पहार घेऊन ये. गेलो तर जळलेल्या सात झाडांच्या जागी सात कलमं आणून ठेवली होती. खड्डे मी खणायचे, असा हुकूम होता. जांभा दगड फोडून फोडून माझे तळहात सोलले. शंकरबाब छत्री धरून दगडावर बसले होते. "खोल," ते म्हणायचे. "आणखी खोल." वयनी अधूनमधून चहा देत होत्या. सातवं कलम लावून माती दाबली तेव्हा मी धीर करून विचारलं, "शंकरबाब, माफ केलात?"

ते छत्री मिटून उठले. "ह्या कलमांक पयलो बोंडू धरतलो तेन्ना ये. माफ करूचां की नाय, तां तेन्ना बघूया."

कलमी काजू तिसऱ्या वर्षी धरतो. हे येणारं तिसरं. गेल्या आठवड्यात गुपचूप जाऊन बांधावरून बघून आलो. सातांपैकी सहा जगलीत, चांगली कंबरेएवढी झालीत. थंडी पडली की मोहर यायला हवा. सहाव्याच्या मुळाशी कोणीतरी नुकतीच नवीन माती घातलेली होती, आणि सातव्याच्या जागी नवं कलम लावलेलं. मी निघालो तेव्हा वरून शंकरबाबांची हाक आली, "मेस्ता, लपतस कित्याक? पाणी घालूक ये!"

मी गेलो आणि सातही कलमांना कळशीने पाणी घातलं. माफीचं त्यांनी काही काढलं नाही, मीही विचारलं नाही.